खंडेनवमीला अडलेले पाने

आठवडाभर मँचेस्टरच्या हॉस्पिटलात माणसं तपासून बाबा शनिवारी एक वाफेचं इंजिन तपासायला जायचे. शहराबाहेर हौशी मंडळींनी चालवलेली छोटी रेल्वे होती. वाफेचे दिवस संपता संपता इंग्रजांनी काही इंजिनांवर प्रयोग केला होता: वाफेच्या झडपा चाकांवरच्या दांड्यांच्या जंजाळाऐवजी बंद पेटीतल्या फिरत्या कॅमनं, म्हणजे उंचवट्याच्या चकतीनं, उघडायच्या. हे इंजिन त्यातलंच. त्या झडपा जुळवण्यात बाबांनी कित्येक शनिवार घातले होते.

"लोकांना दांड्या नाचताना बघायच्या असतात," रेल्वेचे चेअरमन म्हणाले. "हे उघडंबोडकं दिसतं." कमिटीनं ती यंत्रणा काढून जुन्या पद्धतीची बसवायचं ठरवलं. विरोधात एकटे बाबा.

चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला गप्प बसणं शक्य नव्हतं. 'जे दिसतं त्याचीच सत्ता का?' असं पत्रक काढून मी चहाच्या स्टॉलपाशी वाटलं. लोकांनी त्यात केक गुंडाळून नेला.

यंत्रणा उतरवायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी तिचे नट खोलायचे एकुलते खास पाने साफ करायला घरी आणले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खंडेनवमी. आईनं स्टेथोस्कोपशेजारी पाने पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं.

"हत्यारांची पूजा म्हणजे बुद्धीची शरणागती आहे," मी म्हटलं.

"बरं. फुलं दे इकडे."

तेवढ्यात चेअरमनचा फोन आला. पाने कुठे आहेत?

"अगं, द्यायला हवेत," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

"अहो, पूजेला बसलेली हत्यारं आज उचलत नाहीत. उद्या दसऱ्याला न्या."

चेअरमन स्वतः गाडी घेऊन आले. बूट काढून, मोज्यांवर पाटासमोर उभे राहिले. मग अल्पसंख्याकांच्या श्रद्धांवर मी इंग्रजीत असं काही पेटून बोलले की ते शिऱ्याची वाटी घेऊन मुकाट सोफ्यावर बसले.

दसऱ्याला, रविवारी, रेल्वेचं दुसरं इंजिन गळायला लागलं. भरलेली गाडी आमच्या उघड्याबोडक्यानं ओढली, चढावर एकदाही चाक न घसरता. चेअरमन ड्रायव्हरशेजारी उभे होते. पुढच्या मीटिंगमध्ये दांड्यांचा विषय निघालाच नाही.

"आई," मी नंतर विचारलं, "गेल्या खंडेनवमीला कॅज्युअल्टीतून फोन आला, तेव्हा पूजेतला स्टेथोस्कोप तूच बाबांच्या हातात दिला होतास ना?"

"स्टेथोस्कोप माणूस वाचवायला चालला होता. हे पाने यंत्र मोडायला चालले होते." ती कढई घासत राहिली. "आणि माझा शिरा कुणी पत्रकात गुंडाळून नेला नाही."