बगळेवाल्यांच्या तलावावर

रायपूरजवळच्या बीरगांवात आम्ही पाच जण एका खोलीत राहत होतो. बाबा शेजारच्या उरला वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते, आई चार घरची भांडी घासायची. सकाळी बासी (रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि मीठ-कांद्यासोबत खायचं), संध्याकाळी पुन्हा भात. अशा घरात एका दिवाळीला बाबा बोनसमधून मासे धरायची रील घेऊन आले. ॲल्युमिनियमची, वाटीएवढी, बगळा छाप. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "पोरीच्या पायात चप्पल नाई, अन् याले शौक सुचून राहिला," असं ती शेजारणीला ऐकवायची, तेही बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मलाही तेव्हा आईचंच पटत होतं. आज बाबांचं पटतं. दिवसभर दुसऱ्याच्या भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या आवडीने निवडलेली ती एकच वस्तू होती.

पुढे छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांचा कारखाना बंद पडला. आम्ही तुमसरला मामांच्या आधाराने आलो. तिथे मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या खानदानात पहिली. आता पंचायत समितीत नोकरी करते. हे मी मिरवून सांगते. का सांगू नये?

बाबा तुमसरलाही दर रविवारी तलावावर जायचे. सहा वर्षांपूर्वी रीलच्या खटक्याची स्प्रिंग तुटली. खटका म्हणजे गळाची तार सुटताना जो किर्रर्र आवाज होतो, तो करणारा भाग. मी पहिल्या पगारातून एक परदेशी बनावटीची चकचकीत रील आणून दिली. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, "छान हाय," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. त्यानंतर ते तलावावर गेलेच नाहीत. रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. ते मला बघवत नव्हतं. शेवटी चार महिन्यांपूर्वी मी म्हटलं,

"बाबा, रायपूरला जाऊ. स्प्रिंग शोधू."

"कंपनी बुडाली, बाई. आता कुठं भेटते बगळ्याचं सामान?"

पण शनिवारी मी पहाटे उठले तेव्हा ते आंघोळ करून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसले होते.

तुमसर रोडहून गाडी धरली. गोंदियापर्यंत बाबा पिशवी सांभाळत बसले. सालेकसाचं जंगल सुरू झालं तसे खिडकीला टेकले. डोंगरगडची टेकडी दिसली तेव्हा समोरच्या बाईला सांगू लागले, "ह्या टेकडीच्या मागं एक तलाव हाय. तिथं मी अडीच किलोचा कटला काढला होता." बाई म्हणाली, "बगुला छाप से?" मी चमकले. तिचा नवराही शौकीन निघाला, मात्र दुसऱ्या कंपनीचा. "हमारे घर में बगुले का नाम लिया तो रोटी नहीं मिलती," असं सांगून ती हसली. दुर्गपर्यंत दोघांनी एकमेकांच्या कंपनीची निंदा केली, मग तिने आम्हाला ठेठरी (बेसनाची तळलेली कुरकुरीत वेटोळी) खायला दिली.

दुपारी रायपूरच्या पंडरी बाजारात पोचलो. ठोक कापडाच्या दुकानांमागच्या एका गल्लीत गळ, तार, रीलचं जुनं दुकान आहे, एवढंच बाबांना आठवत होतं. साड्यांचे गठ्ठे चुकवत आम्ही ते शोधून काढलं. जुने बंगाली मालक भिंतीवरच्या फोटोत गेले होते आणि मुलगा गल्ल्यावर होता. काउंटरपाशी तीन गिऱ्हाइकं भांडत होती. एकाला जपानी रीलखेरीज काही चालत नव्हतं. दुसरा म्हणत होता, "जो बाप ने चलाया, वही चलाऊंगा." तिसऱ्याने टोपी, शर्ट आणि छत्रीसुद्धा एकाच कंपनीची घेतली होती.

बाबांनी फडक्यातून रील काढली. टोपीवाला हसला. "चाचा, ये तो म्यूझियम में देना चाहिए."

"दे दूंगा," बाबा म्हणाले. "पहले तू बता, तेरी टोपी ने कितनी मछली पकडी?"

सगळं दुकान हसलं, टोपीवालाही. पण स्प्रिंग नव्हती. दुकानदाराने जुने डबे उपसले, मग हात झटकून मला म्हणाला, "दीदी, दुकान में नहीं मिलेगा. कल इतवार है. नया रायपुर की तरफ एक गांव के तालाब पर बगुलेवाले बैठते हैं. उनसे पूछो. लेकिन वो लोग बेचते नहीं हैं."

"फिर?"

"वो आप उन्हीं से पूछना."

रविवारी सकाळी नव्या रायपूरची बस धरली. ही नवी राजधानी मी पहिल्यांदाच पाहिली. सहा-सहा गाड्या शेजारून जातील एवढे रस्ते, मधे फुलझाडं, लांबवर मंत्रालयाच्या इमारती, आणि माणूस औषधालाही नाही. आम्ही एक थांबा आधीच उतरलो. दुसरी बस तासाभराने, असं कळलं. चालायला लागलो. ऊन चढलं.

"एवढा मोठा रस्ता केला, अन् सावली कराले विसरले काय?" बाबा म्हणाले.

दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या एका बाईला तलाव विचारला. "तरिया? (तलाव) हव, (हो) ये डहर ले जावव, (या वाटेनं जा)" असं म्हणून तिने नळी आमच्या हातांवर धरली. तोंड धुतलं, पाणी प्यायलो. डांबरी रस्ता सोडून पायवाटेने दहा मिनिटं गेलो तर पळसाची झाडं, म्हशी आणि हिरवं शांत पाणी. राजधानी मागे कुठे राहिली ते कळलंही नाही.

बांधावर तीन म्हातारे ओळीने बसले होते. तिघांच्या काठ्यांना बगळा छाप. बाबा जागीच उभे राहिले. किती तरी वर्षांनी नातलगांच्या गावी आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांतले गुणवंतभाऊ आमच्याच बाजूचे निघाले, रेल्वेतून निवृत्त झालेले. जय भीम झाला, गाव-कूळ झालं. मग त्यांनी रीत सांगितली. ज्याचे हात थकतात, तो आपली रील या बांधावर आणून देतो. विकत नाही. तिचे भाग ज्याला लागतील त्याला मिळतात. मोबदला एकच. दुरुस्त झालेल्या रीलचा पहिला मासा देणाऱ्याच्या घरी पोचवायचा.

"पण भाऊ, एक विचारतो," गुणवंतभाऊ म्हणाले. "मधात दुसरी कंपनी चालवली काय?"

बाबा उत्तर देणार तेवढ्यात मी पुढे झाले. लेकीने बापासाठी काय केलं हे सांगायची हौस, दुसरं काय! "मी घेऊन दिली ना त्यांना! परदेशी, मोठी महागाची."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने नुसतं "अच्छा" म्हटलं आणि पाण्याकडे तोंड केलं. गुणवंतभाऊंनी उघडलेला पत्र्याचा डबा बंद केला. सहा वर्षं वाट पाहून, उन्हातून चालून बाबा इथवर आले, आणि मी माझ्या तोंडाने त्यांची वाट बंद केली.

"तिनं हौसेनं आणली," बाबा हळू म्हणाले. "मी तिच्यावर तारही चढवली नाई. पोरीले सांगता आलं नाई, एवढंच."

त्यांना मला काही सांगायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी खाली मान घातली.

मधल्या म्हाताऱ्याने तार ओढून थोडी मोकळी केली. रील किर्ररली. बाबांनी कान टवकारले.

"तेल कोन्तं टाकता याच्यात?"

"काहून?" गुणवंतभाऊंनी विचारलं.

"खोबरेल टाकलं. खटका जड बोलून राहिला. शिलाई मशीनचं टाका, खुलते."

मधला म्हातारा रीलकडे बघतच राहिला. "घरवाली ने वही लगा दिया था, बालवाला," तो म्हणाला, आणि तिघंही असे हसले की पलीकडची म्हैस उठून उभी राहिली. गुणवंतभाऊंनी डबा पुन्हा उघडला. "दुसरी कंपनी चालवणाऱ्याचा कान असा राहत नाई," म्हणाले.

स्प्रिंग नखाएवढी. बाबांनी ती चिमटीत धरून बसवली. गळाला लावायचा मोहाच्या वासाचा कणकेचा चारा त्या लोकांनीच दिला. काठीही दिली. बाबा बसले. एक तास गेला, दोन तास गेले. मी बाबांकडे बघत होते आणि बाबा तारेला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या मोरपिसाच्या देठाकडे. मासा लागला नाही तर परत केव्हा येणार, रजा कुठली मिळणार, हेच माझ्या डोक्यात.

उन्हं कलली तेव्हा देठ बुडाला. किर्रर्रर्र!

बाबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. अंगठा रीलच्या कडेवर ठेवला आणि तार सोडत राहिले. "बोलू द्या त्याले," एवढंच म्हणाले. पाव तासाने दीड किलोचा रोहू जाळीत आला.

ती स्प्रिंग ज्यांच्या रीलमधली होती, ते गुरुजी त्याच गावात राहत होते. मास्तरकीतून निवृत्त झालेले, दोन्ही हात सतत हलणारे. त्यांच्या पत्नीने मासा उचलून चुलीकडे नेला. मोहरी वाटून केलेला रस्सा आणि भात खाल्ल्याशिवाय सोडणार नाही, असं तिने बजावलं. गुरुजी मात्र माशाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर बाबांच्या काठीवर होती.

"बजती है?" त्यांनी विचारलं.

बाबांनी काठी त्यांच्या हातात दिली, वरून आपले हात धरले आणि मला खूण केली. मी तारेचं टोक धरून अंगणातून चालत निघाले. किर्रर्र. थोडी थांबले, मग झटका देऊन पळाले. किर्रर्रर्र.

"धीरे," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "रोहू है. दम लेने दो."

तुळशीवृंदावनापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. गुरुजी बास म्हणेपर्यंत मी त्या अंगणात मासा झाले होते.

सोमवारी सकाळच्या गाडीने परतलो. मी शिकले, नोकरीला लागले, म्हणजे बापाला आता सगळं काही नवं घेऊन देता येईल, असं मला वाटायचं. त्यांना नवं नकोच होतं. त्यांना त्यांचंच परत हवं होतं, आणि ते मागायला ते लाजत होते. डोंगरगडला मी विचारलं, "बाबा, मला आधीच का नाही सांगितलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आता वाटत नाही का?"

"वाटते ना," ते म्हणाले. "पण आता तुलेही रील वाजवता येते."

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी सकाळी सहाला बाबा तलावावर जातात. सहा वर्षं बंद पडलेला माझ्या बापाचा रविवार सुरू झाला आहे.