मावशीची डावी बाजू

घोड्यांच्या वासाची सवय व्हायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. हा वास घरात येतो तो माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर. शहराच्या टोकाला घोडेस्वारीची एक लहानशी शाळा आहे, तिथली पागा त्या सांभाळतात. पागेत सहा जनावरं, आणि एकही त्यांच्या शब्दाबाहेर नाही. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकत नाही, यजमान तर मुळीच नाहीत. मोठे दीर शिंपी आहेत. बायको बोलायला लागली की ते मशीन चालू करतात.

उजाडायच्या आत जाऊबाई पागेत हजर असतात. बादलीचा आवाज झाला की सहाही माना दारातून बाहेर येतात. चंदी, म्हणजे भिजवलेलं धान्य, आधी मावशीला द्यायची. मावशी ही त्यांच्यातली वयस्क घोडी, शिकायला येणाऱ्या पोरांनी लाडानं तसं नाव ठेवलेलं. तिच्याआधी दुसऱ्या कुणाच्या पुढ्यात बादली गेली, तर पागेत असा गोंधळ माजतो की विचारू नका. साहेब नावाचा काळा घोडा लाथा झाडतो आणि पावशेर नावाचं तट्टू उगाच सगळ्यांना चावत सुटतं. मावशी चरायला निघाली की बाकीचे मुकाट तिच्या मागे. नव्या जनावराला वळण लावायचं तेही तिच्या शेजारी बांधून. "अर्धं शिक्षण तीच देते, पगार मी घेते," असं जाऊबाई म्हणतात.

मग लीद काढायची, खुरांतले खडे काढायचे, ब्रशनं अंग घासून खरारा करायचा, एकेकाला लांब दोरीवर गोल फिरवायचं. हे सगळं मी दाराशी उभी राहून पाहिलंय, कारण मला घोड्यांची भीती वाटते. दुपारचा डबा घेऊन जाते, पण आत पाय टाकत नाही. जाऊबाई चिडल्या तरी जनावरावर हात उगारत नाहीत. नुसत्या गप्प उभ्या राहतात. घोडं थोडा वेळ तोरा दाखवतं, मग स्वतःच खाली मान घालून जवळ येतं. माझ्या मुलांवर मी हा उपाय करून पाहिला, पण ती खेळायला निघून गेली.

पागेचा एक पक्का नियम होता. घोड्याकडे जायचं ते त्याच्या डाव्या अंगानं. लगाम, खोगीर, वर चढणं, उतरणं, सगळं डावीकडून. जाऊबाईंनी हे एवढ्या पिढ्यांच्या डोक्यात भरवलंय, की शाळेचे मालकसुद्धा लहानपणी त्यांच्याचकडून ते शिकले.

आणि अशी ही मावशी एकाएकी बिथरायला लागली. लगाम घालायला गेलं की दचकायची, अंग चोरायची, कान मागे पाडायची. जाऊबाईंना वाटलं, वयामुळे हट्टी झाली असेल. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धडे सुरू केले, डावीकडून, रोज, चिकाटीनं. मावशी आणखी बिघडली. मग एक दिवस नाल ठोकायला आलेल्या माणसाला तिनं अशी लाथ घातली, की बिचारा कितीतरी दिवस बरगडीला पट्टा बांधून फिरत होता.

मालक म्हणाले, "काकू, सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत बघू. तोवर सुधारली नाही तर तिला पाठवून द्यावं लागेल. उद्या एखाद्या पोराला लागलं तर?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पाठवून द्यायचं म्हणजे कुठं, हे जाऊबाईंना ठाऊक होतं. म्हातारी, लाथ मारणारी घोडी कोण पोसणार? त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि दिरांनी मशीन चालू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर मावशी अंगणात बांधलेली. दाराशी चिखल होता म्हणून मी वळसा घालून गेले, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत तिच्या उजव्या खांद्याशी उभी होते. जाऊबाई आतून ओरडल्या, "अगं ए, तिकडून नको! डावीकडून ये, डावीकडून!" मला हलता येईना. मावशीनं मात्र शांतपणे माझा डबा हुंगला.

जाऊबाई बाहेर आल्या. त्या हळूच मावशीच्या डावीकडे गेल्या आणि तिच्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

डोळा वरून अगदी स्वच्छ दिसत होता, पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, त्याची नजर गेलीय आणि परत येणार नाही. जाऊबाई मला म्हणाल्या, "तिला दिसत नव्हतं गं. आणि मीच रोज त्या बाजूनं जाऊन तिचा जीव घाबरा करत होते."

मग त्या पुन्हा शिकायला लागल्या, स्वतःच. जन्मभराचं डावं वळण, हात ऐकेनात. घरी शिवायला बसलेल्या दिरांच्या गळ्यात उजवीकडून लगाम घालून पाहायच्या. "चंदीपण इथंच देणार का?" दिरांनी विचारलं, पण मान हलवली नाही. मी हसून हसून बेजार झाले, आणि त्याच वेळी मला त्या दोघांचं फार कौतुक वाटलं.

मावशीला त्यांनी डावीकडच्या स्पर्शाची सवय लावली. लांब काठीला मऊ फडकं बांधून तिच्या आंधळ्या बाजूला टेकवायचं, आणि लगेच उजवीकडून म्हणायचं, "मी आहे गं." मग गाजराचा तुकडा. सुरुवातीला ती थरथर कापायची. दमून जाऊबाई बादली पालथी घालून बसायच्या आणि थोड्या वेळानं परत उठायच्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मालक आले. जाऊबाईंनी त्यांना बजावलं होतं, उजवीकडून या, आधी आवाज द्या. पण त्या चंदी आणायला आत वळल्या, आणि मालक लहानपणीच्या सवयीनं सरळ डावीकडून गेले. एक शब्द न बोलता त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

मी डबा घेऊन लांबूनच बघत होते. मावशी ताठ झाली. कान मागे गेले, मागचा पाय उचलला गेला. जाऊबाई बादली घेऊन दारात आल्या आणि जागीच थिजल्या. त्यांच्या तोंडून आवाज फुटेना.

मावशीनं मान उजवीकडे वळवली. तिला दारात उभ्या जाऊबाई दिसल्या. तिनं मोठा श्वास सोडला आणि पाय खाली टेकवला.

"अरे, विसरलोच मी!" मालक ओशाळून म्हणाले.

"ती शिकली रे, या वयात शिकली," जाऊबाईंचा आवाज आता परत आला होता. "तू कधी शिकणार?"

मालकांनी हात काढला नाही. तो खांद्यावरच ठेवून म्हणाले, "राहू दे हिला इथंच. उद्या सगळ्या पोरांना पहिला धडा हिच्याजवळ द्या, दोन्ही बाजूंचा."

ते गेल्यावर जाऊबाईंनी बादली मावशीपुढे ठेवली आणि त्या तिच्या मानेला कपाळ टेकून रडल्या. जुन्या सवयीनं त्या डावीकडेच उभ्या होत्या, आणि "मी आहे गं" म्हणायचंही विसरल्या होत्या. मावशी निवांत चंदी खात राहिली.