लिंबायतच्या हवेत दगडफूल

बॉटनीवाल्यांच्या किश्शांचं काय आहे, घडताना हसू येत नाही, मग स्टाफरूममध्ये चहाबरोबर साठत जातात. सत्तरच्या दशकात सुरतच्या कॉलेजात आमच्याकडे असे ढीगभर साठले, आणि बहुतेक सगळे पाटील सरांचे!

सर मूळचे खानदेशातले, बिऱ्हाड सुरतच्याच लिंबायत वस्तीत, कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या अगदी पाठीमागे. सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, तिथेच दमा जडला. धुराने हवा नासली की झाडाच्या सालीवरचं दगडफूल आधी मरतं, हे सरांना ठाऊक होतं. ते दाखवून कारखान्याचं धुराडं हलवायला लावायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

*

दगडफूल आणायला डांगच्या जंगलात जायचं म्हणून सरांनी रजा मागितली. प्रिन्सिपॉल गुजराती, खाण्याचे शौकीन. अर्ज वाचून म्हणाले, "पाटील, आ तो मसालामां नाखे छे ने? बजारमां मळे छे, डांग शुं काम जवुं?" वर आपल्या किराणावाल्याचा पत्ताही दिला.

*

सालीवर किती दगडफूल उरलंय ते मोजायला कॉलेजच्या रस्त्यावरची काही झाडं आम्ही नंबर घालून ठेवली होती. तेवढ्यात कुणी मंत्री येणार म्हणून रस्ता सजला. सकाळी बघतो तर आमच्याच झाडांची साल काथ्याने घासून वर चुना आणि गेरूचे पट्टे! बाकीची झाडं जशीच्या तशी. मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला की नंबर दिसले, म्हणजे साहेबांची खास झाडं, म्हणून ती नीट घासली. सरांनी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

*

मग सरांनी डांगहून दगडफुलाच्या फांद्या आणून लिंबायतच्या कडुनिंबांना दोऱ्याने बांधल्या. आठवड्यात त्यांना हळदकुंकू लागलं, खाली उदबत्त्या धुमसू लागल्या. धुराचा प्रयोग, आणि त्यात हा धूर! खानदेशातलीच एक बाई नारळ घेऊन उभी होती. सर समजवायला गेले, तर ती म्हणाली, "झाडले दोरा बांधेल शे, म्हणजे काहीतरी शेच." काय मागितलंस, असं सरांनी विचारलं. पोराचा खोकला जाऊ दे, म्हणाली. सरांनी उदबत्ती विझवली नाही.

*

फांद्यांवरचं दगडफूल मेलं, तेव्हा त्या घेऊन आम्ही कारखान्याच्या शेठकडे गेलो. माणूस भला. पंखा लावला, सरबत मागवलं, सगळं ऐकून घेतलं. फांदी हातात फिरवून त्याला खरंच वाईट वाटलं. "मरी गयुं? चिंता ना करो साहेब, हुं सो नवां मंगावी आपीश." शंभर नवीन मागवून देणार म्हणे! बाहेर आल्यावर सर हसले. मला मात्र शरम वाटली, कुणाची ते कळलं नाही.

*

शेवटी सरांनी एक फांदी स्वतःच्या घराच्या खिडकीला टांगली. तिथे ना चुना, ना उदबत्ती. एका रविवारी मी गेलो, तर सर दारातूनच हात धरून आत घेऊन गेले. दगडफुलाच्या कडा पांढऱ्या पडत होत्या. सर इतके खूष मी कधी पाहिले नव्हते. "मध्ये अजून जरा हिरवं आहे. पूर्ण मेलं की पुरावा पक्का. मग बघू कोण नाही म्हणतो!"

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांनी हवापालट सांगून वर्ष उलटलं होतं. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला, आम्ही दोघं थांबलो.

"अजून हिरवं शे ना?" त्या म्हणाल्या. "मग याले तरी परत डांगमा सोडी या."