शेताची लाईन, घरचा नळ

"थुंका! घशात बोट घाला!" मालकीणबाई बांधावरून ओरडत आल्या, तोवर आमच्या ह्यांनी दोन तांबे रिचवले होते.

ही बारा वर्षांमागची गोष्ट. औंधच्या बाजूचं गाव सोडून आम्ही उंब्रजजवळच्या वस्तीवर उसाच्या कामाला आलो, त्याला तासही झाला नव्हता. भांडी अजून ट्रॉलीतच होती. कॅनॉलच्या मोटरीपाशी झाकलेलं पिंप दिसलं. आमच्या गावात झाकलेलं पिंप म्हणजे प्यायचं पाणी. इथं त्यात ठिबकला सोडायचं खत कालवलेलं. चव वेगळी लागली, पण टँकरचं पाणी पिणारा माणूस चव मनावर घेत नाही. "औषध टाकलंय वाटतं," म्हणाले आणि प्यायले.

मग उलट्या. मग डोळे फिरवले. मालकीणबाईंनी जीपमध्ये घालून कराडला नेलं. वाटेत त्या मला म्हणाल्या, "आवं, पाणी दिसलं की पिता व्हय?"

"आमच्याकडं दिसतच न्हाई. दिसल्यावर काय करायचं ते कुणाला ठावं?"

गावाकडच्यांनो, हे आज लिहिते कारण काल धाकट्या जावेचा, शांताचा फोन आला.

"आक्का, कॅनॉल आला! शेताची लाईन घरच्या टाकीला जोडली. नळ सोडला की धो धो!"

फोन हातात तसाच धरून मी अनवाणीच पळत जाऊन शेजारणीला सांगून आले. आपल्या माळावर, घरात, नळाला पाणी! मग डोक्यात लख्ख झालं.

"शांते, त्याच लाईनीत खत सोडता का गं?"

"व्हय की. मोटर थांबली की थोडं माघारी टाकीत येतं. त्याला काय हुतंय?"

"भावजींना बोलव. आत्ताच्या आत्ता पाईप तोड."

"नवं जोडल्यालं? तिकडं ऱ्हाऊन लय शाण्या झाला तुमी."

"झाले. तोड."

फोन बंद करू दिला नाही. करवतीचा आवाज ऐकला, मगच खाली बसले.

तेव्हा सगळ्यांनी प्यायची लाईन वेगळी टाका. कॅनॉलचं पाणी गाळा, उकळा आणि मग पोटभर प्या. कॅनॉलला पुढच्या पाळीचं पाणी सुटलं की मी येतेय. बारा वर्षं इथं काढली, खाऊन-पिऊन सुखी आहे. तरी घर कुठलं विचारलं की तिकडचंच नाव तोंडात येतं, आणि आता ते सांगताना पुढं "पण पाणी नाही" म्हणावं लागत नाही.

शांताच्या घरची माणसं धड आहेत. ह्यांना तेव्हा कराडला तीन दिवस सलाईन होतं. वाचले.