एक हातोडा चालू राहू द्या

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती गेली त्या दिवशी सुनेनं टीव्हीवर चादर टाकली. सुतकात टीव्ही लावत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण घरात इतकं गप्प झालं, की मला ते सोसेना. संध्याकाळी म्हणालो, "काढ ती चादर. सरकारी बातम्या लाव, आवाज बारीक ठेव."

सून म्हणाली, "बाबा, भेटायला लोक येतायत. काय म्हणतील?"

"म्हणू देत."

लोक आले, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा न घेता गेले. म्हाताऱ्याला बायकोचं काही वाटत नाही, असंच त्यांच्या मनात आलं असणार. म्हणून हे लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलेला तांबट मी. शुद्धलेखन ज्याचं त्यानं सुधारून घ्यावं.

हा सरकारी टीव्ही मुळात रेडिओच्याच घरात जन्मला, म्हणून सुरुवात रेडिओपासून. मुंबईचं रेडिओ स्टेशन आधी एका कंपनीचं होतं म्हणे. कंपनीला ते झेपलं नाही, मग सरकारनं चालवायला घेतलं. त्याच सुमाराला नाशकात आमच्या गल्लीत पहिला रेडिओ आला. आमच्या दारासमोर भांड्यांचे व्यापारी राहायचे, शेटजी. त्यांनी तो आणला. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. छपरावर दोन बांबू उभे करून तार ओढली, तेव्हा आमच्या आईला वाटलं शेटजी वाळवणं घालणार आहेत.

रेडिओ आला, पण ऐकणार कोण? आमची गल्ली तांबटांची. सकाळी उजाडलं की घरोघरी ओट्यावर हातोडे सुरू. हंडे, घागरी, बंब, सगळं हातानं घडायचं. घडून झालं की भांड्यावर बारीक ठोक्यांची ओळ उठवायची, त्याला आम्ही मठार म्हणतो. दिवस मावळून दिवे लागले तरी ठोके चालूच. शेजाऱ्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. हातानंच बोलायचो आम्ही. तोंडाशी पाच बोटं नेली की जेवायला या. कपाळावर आडवा हात मारला की देवळातले गुरुजी आलेत, उभं राहा. आणि कानाला हात लावून मान हलवली की आबा रागावलेत, समोर जाऊ नका. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, गल्लीचे पंच. आयुष्यभर ठोकून त्यांचे कान पार गेलेले.

माझी बायको त्र्यंबकची. तिचे वडीलही तांबटच, पण तिथं त्यांचं एकट्याचं दुकान. यात्रेकरूंना गंगाजळ न्यायला लहान गडू लागतात, ते घडवायचे आणि संध्याकाळी भजनी मंडळात गायचे. एका हातोड्याच्या घरातून ती आमच्या शंभर हातोड्यांत आली. पहिले काही महिने नुसती डोळे मोठे करून बघायची. मग शिकली, आणि हातानं असे टोमणे मारायला लागली की सासूसुद्धा हातातलं काम सोडून बघायची.

सासरे गडू विकायला नाशकात यायचे, पण आमच्या घरात पाणी घ्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. ओट्याखाली रस्त्यात उभे राहायचे. त्या गदारोळात ते काय बोलायचे आणि हिला काय ऐकू यायचं, देव जाणे. दोघं हसायची. ते निघून जायचे. मग ही आत जाऊन उगाच घासलेली भांडी परत घासायची.

त्या वर्षी थंडीत सासरे आजारी पडले. छातीत कफ. ते उठले, पण खोकला काही जाईना. हिच्या पोटात सातवा महिना, त्यामुळे मोटारीतून त्र्यंबकला जायला आईची परवानगी नाही. अशात एक दिवस सासरे आले ते ओरडतच. ओरडले म्हणून कळलं तरी.

"जावईबापू, आमच्या मंडळाला मुंबईला बोलावलंय! रेडिओत गायचंय!"

आई दारात आली. "मग पेढा नको, पाणी तरी घ्या आता."

"नातू येऊ द्या, विहीणबाई. घागरभर पितो." एवढं बोलून त्यांना खोकल्याची ढास लागली. ओट्याचा कठडा धरून उभे राहिले. हिचा चेहरा मी बघितला.

रात्री जेवताना ती मला म्हणाली, "अहो, मला बाबांचं गाणं ऐकायचंय. परत ते गातील न गातील."

शेटजींच्या दुकानात पुरुषांत जाऊन बसणं सुनेला शक्य नव्हतं. आपल्या दारात बसून ऐकायचं, तर रस्त्यापलीकडचा रेडिओ ऐकू यायला हवा. म्हणजे गल्ली थांबायला हवी. आणि खरी अडचण तिथंच होती. आमच्याकडे कामाच्या वेळेत हातोडे एकाच प्रसंगी थांबायचे. गल्लीत कुणी गेलं, की आबांच्या एका हाताच्या इशाऱ्यावर सगळे ठोके बंद, ते मयत उचलेपर्यंत. अख्ख्या जुन्या नाशकाला हे ठाऊक. तांबटांची गल्ली गप्प झाली म्हणजे कुणीतरी गेलं.

आईनं भात वाढता वाढता पळी खाली ठेवली. "जिवंत माणसासाठी हातोडे थांबवायचे? आणि तेही आजारी माणसासाठी? अगं, बापाचं गाणं ऐकायचंय की बापाला पोचवायचंय?"

ही एकदम पांढरी पडली. "नको," म्हणाली. "थांबवू नका. नाही ऐकायचं मला."

पण ती पानावरून न जेवता उठली. मी काही हळवा माणूस नव्हे, आजही नाही. तरी सकाळी हात धुऊन आबांकडे गेलो. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं, त्यामुळे जे आईपासून लपवायचं ते गल्लीभर झालं. आजूबाजूचे पाच-सहा तांबट येऊन उभे राहिले.

"सासरे रेडिओत गाणार आहेत!" मी ओरडलो.

"कुठं पडलेत?"

"पडले नाहीत! गाणार! संध्याकाळी हातोडे थांबवायचे का?"

आबांना कळलं. बराच वेळ ते हातातला पत्रा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "सगळे थांबले तर अशुभ. एक चालू राहिला तर कसलं अशुभ? मला तसंही त्या डब्यातलं काही ऐकू येणार नाही. मी ठोकत बसतो, तुम्ही ऐका."

एक जण म्हणाला, "आबा, तुमचा हात पडला तर रेडिओत मुंबईवाल्यांना ऐकू जाईल!"

"तुझ्या बापाचं लग्न याच हातानं घडवलेल्या हंड्यावर झालं," आबा म्हणाले. हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं. "लाकडी मोगरी घेईन. गल्लीच्या त्या टोकाला बसेन. झालं?"

आईला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "आबा जागचे हलणार नसतील तर चालेल." ही त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवली.

ती संध्याकाळ आली. शेटजींनी रेडिओ दुकानाच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. आमच्या दारात ही बसली, पोट सांभाळत, पदर घेऊन. शेजारी तांब्या-भांडं पाण्यानं भरून ठेवलेलं. माहेरचं कुणी येणार म्हटलं की पाणी ठेवायचं, त्या सवयीनं ठेवलं असेल.

आई म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांना आपल्या घरचं पाणी चालायचं नाही."

"राहू द्या तसंच," ही म्हणाली.

आबांनी तिकडून हात वर केला. एकेक करत हातोडे थांबले. जन्मापासून त्या गल्लीत राहिलो, पण आमच्या घरामागं कबुतरं घुमतात हे मला त्या संध्याकाळी कळलं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कुणी कपडे आपटत होतं तेही ऐकू येत होतं. आणि त्या टोकाकडून आबांची मोगरी, टक, टक, टक.

तेवढ्यात कोपऱ्यावरून माणसं यायला लागली. पलीकडच्या आळीतले सुतार, पानवाला, देवळातले गुरुजी. सगळ्यांचे चेहरे पडलेले. एकानं तर खांदा द्यायच्या तयारीनं धोतर वर खोचलेलं.

"कोण गेलं?" पानवाल्यानं हळूच मला विचारलं.

"कुणी नाही. ठोका ऐकू येत नाही का?"

त्यानं कान दिला. "मग गल्ली गप्प का?"

"माझे सासरे गाणार आहेत."

"एवढं वाईट गातात?" तो म्हणाला, आणि मयताला आलेली सगळी माणसं ओट्यांवर ऐसपैस बसली. गुरुजींनी तपकीर काढली.

रेडिओ आधी नुसता तळत होता, भजी टाकल्यासारखा. मग एक सुधारलेला आवाज काहीतरी बोलला. मग पखवाज. मग टाळ. मग गाणारा आवाज आला, आणि ही माझ्याकडे बघून मान हलवायला लागली. नाही, नाही.

"हे बाबा नाहीत," म्हणाली. "बाबांचा आवाज असा पातळ नाही."

खरंच, मलाही ओळख पटेना. डब्यातून येईतो आवाजाचं पाणी झालं होतं. अभंगाचं एक कडवं झालं, दुसरं झालं. तिचा चेहरा लहान लहान होत गेला. सगळी गल्ली थांबवली, आणि गाणारा कुणी भलताच निघाला. आई मला खुणेनं विचारत होती, ते गेलेच नाहीत का मुंबईला? आजारी पडले का? मी खुणेनं म्हटलं, गप्प बस.

तिसऱ्या कडव्याला गाणारा वर गेला, थांबला, आणि खोकला. दोनदा. दुसरा खोकला गिळला, आणि टाळ चुकायच्या आत पुन्हा सूर धरला.

"बाबाच!" ही ओरडली. मयताला आलेली माणसं दचकली. "अहो, बाबाच ते! तो खोकला दुसऱ्या कुणाचा नाही!" आणि हसायला लागली. ज्या खोकल्याला ती दोन महिने भीत होती, त्याच खोकल्यावर अशी हसली की आईनंही तोंडाला पदर लावला. पुढचं सगळं गाणं तिनं मांडीवर हात मारत ऐकलं. आबांचा ठोका त्या तालात नव्हता, वेगळाच पडत होता. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तो पडत होता, एवढं पुरे होतं.

संपलं तेव्हा आबांना सांगायला माणूस पाठवला. हातोडे सुरू झाले.

सासरे परत आले तेव्हा ओट्याखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "ऐकलंत?" हिनं खुणेनं सांगितलं, खोकला ऐकला.

"आता!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. "तोही गेला का मुलूखभर?"

आम्हाला मुलगा झाला. बारशाला सासरे पहिल्यांदा घरात आले. माझ्या हातानं मठारलेल्या गडूतून पाणी प्यायले, परत मागून प्यायले. खोकला तोवर बराचसा गेला होता. पुढं ते पुष्कळ वर्षं जगले. त्या दिवशी नातवाला मांडीवर घेतला आणि म्हणाले, "आता याला गाऊन दाखवतो." आणि गायला लागले.

दुपारची वेळ. बाहेर शंभर हातोडे. आम्हाला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, मान डोलताना दिसत होती, बाकी काही नाही. मूलसुद्धा तोंडाकडेच बघत होतं. ही चुलीपाशी बसून मांडीवर हात मारत होती.

मी तिला खुणेनं विचारलं, काही ऐकू येतंय का?

तिनं हातानंच सांगितलं, सगळं.