तळहाताएवढा तुकडा

वरवंडच्या ललिताबाईंची वाकळ शिवताना एकच अट असे: तुकड्यावर तळहात बसला पाहिजे. त्याहून लहान चिंधी कितीही रंगदार असो, त्या बाजूला टाकत. "असलं जोडत बसले तर कापड कमी आन् टाकंच जास्त दिसायचं," असं म्हणत. शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्या ते लपवतही नसत.

तुकडे यायचे हमरस्त्यालगतच्या कपड्यांच्या कारखान्यातून. तिथले कटिंग मास्तर चांदभाई कापडावर खडूनं शर्टाचे भाग आखत, तेव्हा मधे ऐसपैस जागा सुटे. तेच ललिताबाईंच्या वाकळीचं कापड. नवरा गेल्यावर याच तुकड्यांवर त्यांनी घर चालवलं, लेकीला, गौतमीला, दौंडला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तळहाताएवढं जे नसे ते कारखान्यामागं जाळत. बहुतेक नायलॉन आणि टेरिकॉटच. त्याचा धूर वस्तीत शिरला की घराघरात खोकला सुरू होई, आणि ललिताबाई नाकाला पदर लावून कारखान्याच्या नावानं बोटं मोडत.

२००३ साली कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढं बसायला गौतमी लागली. शर्टाचे भाग आता पडद्यावर मांडायचे, एकमेकांना असे खेटून बसवायचे की कापड वाया जाऊ नये. ती मांडणी लांबलचक कागदावर छापून निघे. कागद कापडावर अंथरायचा आणि कापायचं. "पोरी, तुझ्या मशिनीनं माझी उधळमाधळ चव्हाट्यावर आणली," चांदभाई म्हणाले. हसत म्हणाले खरं, पण त्यानंतर त्यांचा खडू खिशातून फारसा बाहेर आला नाही.

पुढं कारखान्यातून येणाऱ्या चिंध्यांच्या पोत्यातून नुसत्या बोटभर पट्ट्या निघू लागल्या. वाकळ शिवणाऱ्या बायांचे चेहरे उतरले. शेजारची सरूबाई तर दारातच उभी राहिली. "ललिते, लेक तुझीच हाय. तिला म्हण, जरा जागा सोड. कंपनीचं काय जातंय?"

ललिताबाईंच्या मनातही तेच होतं. आज बोलायचंच, असं ठरवून त्या संध्याकाळी बसल्या. गौतमी आली ती कागदाची गुंडाळी घेऊन. छपाई फिकी आली म्हणून टाकून दिलेला कागद तिनं आईला दाखवायला आणला होता. घरभर अंथरला.

ललिताबाई गुडघ्यांवर बसल्या आणि रेघांमधल्या जागेवर तळहात ठेवत गेल्या. बाहीजवळ बसेना. कॉलरजवळ बसेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंच बसेना.

गौतमीला समजलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, सोडू का जागा? थोडं सरकवलं तर कुणाला कळायचं न्हाई."

ललिताबाईंनी उघड्या खिडकीकडं पाहिलं. ती पूर्वी या वेळी धुरामुळं बंद असायची. हल्ली जाळायला फारसं काही उरतच नसे, कारखान्यामागं जाळ क्वचितच पेटे.

"नको," त्या म्हणाल्या. "धुराला शिव्या मीच घातल्यात." मग कागदावरून हात फिरवला. "नीट बसवलंस गं."

त्यांना लेकीचा अभिमान वाटत होता आणि आतून तुटतही होतं. दोन्ही खरं होतं. त्यांनी सुईदोऱ्याचा डबा उचलून गौतमीच्या हातात दिला.

"वर फळीवर ठेव. माझा हात पोचत न्हाई."

आजवर रोज सकाळी त्याच फळीवरून त्या तो डबा स्वतः काढत आल्या होत्या.