गोलूतली न झोपणारी बाहुली

नवरात्रात आमच्या तंजावूरच्या घरी गोलू मांडतात. लाकडी पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड आणि कापडावर बाहुल्या. दर वर्षी एक तरी नवी बाहुली यावी लागते. विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की ती नवी बाहुली आडवी करून झोपवायची, अशी घरातली पद्धत आहे. ती झोपली की गोलू संपला. सकाळी बाकीच्या बाहुल्या पेटीत जातात.

गेल्या वर्षी नवी बाहुली विकत न आणता नातवंडांकडून करून घ्यायची, असं माझ्या पत्नीने ठरवलं. नात पहिलीत होती, नातू बालवाडीत.

"मग झोपवणार कोण, आजी?" नातीने आधीच विचारून घेतलं.

"जी करील ती."

तिने लगेच बाह्या सरसावल्या.

बाहुली डोलणारी करायची होती, गावातल्या दुकानांत असते तशी: बूड गोल आणि जड, वरचा भाग हलका, ढकलली तरी उठून उभी राहणारी. बुडासाठी अर्ध्या करवंटीत माती थापली. वरच्या भागासाठी जुनी वर्तमानपत्रं भिजवली. लगदा नातवाने कोपरापर्यंत हात घालून कालवला; त्यात मी जपून ठेवलेल्या काही बातम्याही गेल्या. गच्चीवर वाळवून बाहुली रंगवली. शेवटी नातीने तिच्या डोक्यावर कपाळाकडे झुकलेला मातीचा भलामोठा अंबाडा लावला, आणि बाहुली तोंडावर पडली ती पडलीच.

"पडलेली बाहुली पायरीवर चढत नाही," पत्नी म्हणाली.

"ती नमस्कार करतेय."

"उठली तर नमस्कार. ही लोळतेय."

अंबाडा काढायला नात तयार होईना. मग बुडातली माती कोरून तिथे एक मोडकं लोखंडी कुलूप बसवलं आणि वरून पुन्हा माती लिंपली. बाहुली ताठ उभी राहिली. नवरात्रभर हळदीकुंकवाला आलेल्या बायका प्रसादाच्या सुंडलचे उकडलेले चणे खाता खाता तिला ढकलून बघत होत्या. ती दर वेळी उठली. नात शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगायची, "दसऱ्याला हिला मी झोपवणार."

दसऱ्याला आरती झाली. नातीने बाहुली आडवी केली. बाहुली उठली. तिने पुन्हा निजवली, ती पुन्हा उठली.

"अक्का, तूंगमाट्टा," नातवाने तमिळमध्ये निकाल दिला. ही झोपणार नाही.

"तुझ्यावरच गेलीय," पत्नी नातीला म्हणाली. "झोप म्हटलं की उठून बसते. राहू दे, यंदा लाकडी राजाराणीला झोपवू."

"नाही. मी केलीय."

"मग उशी लावून दाबून ठेवू."

"दाबली म्हणजे झोपवली नाही, आजी." नातीचे डोळे भरून आले होते.

तिने चटई ओढून पायऱ्यांपुढे अंथरली, बाहुलीला शेजारी घेऊन आडवी झाली आणि तिच्यावर हात टाकून थोपटू लागली. बाहुली पडून राहिली. थोपटणं हळूहळू मंदावलं, मग थांबलं.

पत्नीने तिला नीट निजवण्यासाठी तो हात उचलला. बाहुली उठून उभी राहिली आणि डोलू लागली.

पत्नीने माझ्याकडे पाहिलं. बाहुली आडवी केली, हात परत तिच्यावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "झोपली. पायऱ्यांवरचे दिवे काढा आता."